मिंजूरला तो काय म्हणाला होता

गाडी माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं की माणसं म्हणतात, लपवून ठेवलं. आणि लपवण्यासारखं माझ्याकडे दुसरं पुष्कळ आहे.

सत्तरच्या दशकातली बुलेट. चेन्नईत पुदुपेट्टैच्या एका भंगारवाल्याकडून मी ती उचलली तेव्हा तिच्या टूलबॉक्समध्ये उंदरांनी संसार मांडला होता. मी चेन्नईजवळ आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर. कोल्हापूर सोडून बावीस वर्षं झाली, पण बुलेटचं वेड काही सुटलं नाही. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी क्वार्टरच्या मागे बसून एकेक नट जुळवला. बायको म्हणायची, एवढं लक्ष माझ्या गुडघ्यांकडे दिलं असतंत तर मी पळत जोतिबा चढले असते. गाडी चालू झाली त्या दिवशी मी रडलो, आणि डोळ्यांत धूर गेला म्हणून सांगितलं.

या जुन्या गाडीचं एक आहे. हिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आजच्या सगळ्या गाड्यांचं बरोबर उलटं. डोक्याला हे एका मिनिटात कळतं. पायाला कळायला वर्ष जातं. पुढचा ब्रेक हाताला असतो, पण तो जुना, नावापुरता. दाबला काय आणि न दाबला काय.

चेन्नईत आमच्यासारख्या वेड्यांचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी पहाटे जमायचं, कुठंतरी साठ-सत्तर किलोमीटर जायचं, इडली-पोंगल खायचं आणि ऊन चढायच्या आत परत. कुणी पेरुंगुडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतले, कुणी व्यापारी, एक दातांचा डॉक्टर. सगळा कारभार तमिळमध्ये. एक रीत मात्र पक्की: परतीच्या वाटेवर किल्ल्या बदलायच्या. नाश्ता झाला की सगळ्यांनी किल्ल्या एका ताटलीत टाकायच्या, हाताला येईल ती उचलायची आणि त्या गाडीवर घरी. नाही म्हणायचं नाही. जो नाही म्हणेल त्याची पुढचे सहा महिने टिंगल. टिंगल करण्यात मी सगळ्यांत पुढे असायचो. आमच्या कोल्हापूरकडे त्याला शिव्या खाऊन मोठं होणं म्हणतात.

ज्याच्याबद्दल सांगायचंय, त्याची माझी ओळख या गटातलीच. पहिल्याच खेपेला चहा पिताना मी स्वतःशीच मराठीत कार्ब्युरेटरच्या आयमायचा उद्धार करत होतो, आणि मागून आवाज आला, “तुम्ही मऱ्हाटी की काय?” वळून बघतो तर पन्नाशीचा, कपाळाला बारीक गंध लावलेला माणूस. तंजावरकडचा. घराणं तिकडे तीनशे वर्षांपासूनचं, आता राहायला चेन्नईतच, तिरुवल्लिकेणीत, नोकरी बँकेत अधिकाऱ्याची. त्याची मराठी पोथीतून उठून आल्यासारखी, वर तमिळचा हेल. तो ‘मला’ म्हणत नसे, ‘मज’ म्हणे. मी पोट धरून हसलो होतो. पण त्या दिवसापासून घोळक्यात आम्ही दोघं मराठीत बोलायला लागलो. बाकीच्यांना एक अक्षर कळायचं नाही. त्यांच्या देखत त्यांची निंदा करायची सोय झाली. मी त्याला ‘राव’ म्हणायचो, कारण त्यांच्या घरात सगळ्याच पुरुषांच्या नावापुढे ते लागतं.

राव भित्रा होता. हे मी वाईट अर्थाने म्हणत नाही, तोच म्हणायचा. त्याची गाडी जुन्या रूपाची पण नवी घेतलेली, ब्रेक उजव्या पायाला, चालते लोण्यासारखी. तो साठच्या वर कधी गेला नाही. पिवळा दिवा दिसला की थांबायचा. तीस वर्षांत त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता.

तो रविवार म्हणजे पुलिकतच्या सरोवराची खेप. परतताना किल्ल्यांची ताटली फिरली. रावच्या हाताला माझी किल्ली आली, आणि त्याची मी मुद्दाम उचलली. मी त्याला सगळं समजावलं. गिअर उजवीकडे, पहिला वर, बाकीचे खाली. ब्रेक डावीकडे. त्याने शाळकरी पोरासारखं दोनदा म्हणून दाखवलं. मग आवारात एक फेरी मारली, बरी मारली. आम्ही निघालो.

मिंजूरला चहासाठी थांबलो. मी त्याच्या गाडीवर खूश होतो. कंबर दुखत नव्हती, हात थरथरत नव्हते. राव उतरला तो सरळ माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. हळू आवाजात मराठीत म्हणाला, “मज पुरे.” “मघा शेळी आडवी आली, तेव्हां पाय उजवाच दाबला गेला. शेळीच पळाली म्हणून वांचलों. पुढें सगळे ट्रेलर. आपली आपली गाडी घेऊं या.”

अगदी सरळ सांगितलं होतं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

मी काय करावं? मला त्याची गाडी सोडवत नव्हती, हे एक. आणि दुसरं म्हणजे माझ्या जिभेला हाड नाही. मी सगळ्यांकडे वळलो आणि मोठ्यानं तमिळमध्ये म्हणालो, बघा, तंजावरचा सरदार शेळीला घाबरला. सगळे हसले. दातांच्या डॉक्टरने त्याची पाठ थोपटली. राव पण हसला. दुसरं काय करणार बिचारा? मग मराठीत मी त्याला म्हणालो, “आता राहिलंय किती? एन्नोरपर्यंत तर ने. तिथं बदलू.” त्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि हेल्मेट चढवलं.

मिंजूर ते एन्नोर रस्ता कसा आहे हे तिकडून गेलेल्यालाच ठाऊक. बंदराचे कंटेनर-ट्रेलर एकामागे एक, दोन्ही बाजूंना विजेच्या कारखान्यांची राख, झाडांची पानंसुद्धा करडी. राव माझ्या पुढे पन्नास-साठ फुटांवर होता. त्याच्या पुढचा ट्रेलर थांबला. माझ्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे माझं लक्ष होतं. मीच बसवलेला दिवा, ब्रेक दाबला की झगझगीत लागायचा. तो लागला नाही. रावचा उजवा पाय खाली गेलेला मी बघितला. एकदा, दोनदा. तो ब्रेक समजून गिअर दाबत होता, आणि गाडी वरच्या गिअरात जात होती. डावा पाय तसाच ठेवलेला होता, पायरीवर, निवांत.

पुढचं मी सांगत नाही. सांगण्यासारखं नाही. ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला आणि रस्त्यातच मटकन बसला. मी रावचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याआधी ट्रेलरमधली पहार घेऊन, गाडीचे दांडे वाकवून त्याचा पाय सोडवला होता. ती पहार हातात धरलेली मला अजून जाणवते.

रावचा जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डोक्याला मार होता, त्यामुळे त्या दिवसाचं त्याला काही आठवेना. पुलिकतला इडली खाल्ली इथपर्यंत आठवतं, त्यापुढे कोरं. बाकीच्यांना विचारलं तर ते म्हणाले, मिंजूरला चहा प्यायलो, शेळीवरून चेष्टा झाली, हसत हसत गाडीवर बसला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तेवढंच कळलं होतं. पुरे हे मराठीत म्हटलं होतं आणि त्या घोळक्यात मराठी समजणारा दुसरा मी एकटाच होतो.

रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर तो मला पहिलं काय म्हणाला असेल? “तुमची गाडी मोडली मीं. क्षमा करा.” मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी स्वतःला म्हटलं, आत्ता नको, जरा बरा होऊ दे. बरा होऊ दे म्हणता म्हणता आठ महिने झाले.

दर रविवारी मी तिरुवल्लिकेणीला जायचो. गल्लीत गाडी जात नाही, बसने जाऊन पुढे चालायचो. भाजी न्यायचो, औषधं आणायचो, त्याला धरून संडासापर्यंत न्यायचो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, माहेर महाराष्ट्रातलं, म्हणायच्या, सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतात. मी मान खाली घालून कॉफी प्यायचो. भक्ती म्हणून नव्हे, भीती म्हणून जात होतो. मी नसताना त्याला आठवलं तर, ही भीती.

त्याला आठवलं नाही. त्याला फक्त समजेनासं झालं. दर खेपेला तो विचारायचा, “मी कांहींच बोललों नाहीं? मज भय वाटलें नाहीं?” मी म्हणायचो, नाही. तो छताकडे बघायचा. “असें कसें? मी सडक ओलांडतांना दहा वेळां बघतों. त्या दिवशीं मज काय झालें होतें?”

वहिनींचा राग वेगळा. त्या माझ्यासमोर त्याला बोलायच्या, आणि बोलताना भांडी आपटायच्या. पोरासारखा हट्ट. दुसऱ्याच्या गाडीची हाव. चार मित्रांत मिरवायचं होतं. घरात बायको आहे, मुलीचं लग्न व्हायचंय, एक क्षण आठवलं नाही. राव ऐकून घ्यायचा. म्हणायचा, “खरें आहे. मीच मूर्ख.” मी तिथेच बसलेलो. तोंड उघडायचं नाही. मी कारखान्यात साहेबांना तोंडावर सुनावणारा माणूस. माझी ती सगळी मिजास कुठे गेली होती कोण जाणे.

मग त्याने एक अर्ज लिहिला. बँकेने त्याला बसून करायचं काम द्यायचं कबूल केलं होतं, सही करायची जागा, तीच जुनी. नकली पाय पण बसवून झाला होता, दोन काठ्यांवर चालत होता. त्या रविवारी गेलो तर त्याने माझ्या हातात इंग्रजीत लिहिलेला कागद दिला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. “वाचून पहा,” म्हणाला. “चुकलें असेल तर सांगा. आजकाल माझ्यावर माझा भरवसा नाहीं.”

मी विचारलं, “पायासाठी?”

“पाय नव्हे. पाय गेला तर गेला.” त्याने कपाळावर बोट ठेवलं. “हें. दुसऱ्यांच्या कागदांवर मी सही करतों. भिण्याच्या जागीं ज्यास भय वाटलें नाहीं, त्या मनुष्याने सही करूं नये. घरीं पण मी आतां कांहीं ठरवीत नाहीं. भात किती घ्यायचा तें हिला विचारतों.”

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “बरं झालं, उशिरा का होईना कळलं.”

कागद माझ्या हातात होता. अक्षर नेहमीसारखंच, एकेक ओळ पट्टीने आखल्यासारखी. पंचवीस वर्षांची नोकरी त्याने सहा ओळींत सोडली होती. आणि मी बोललो. कसा बोललो ते आठवत नाही, पण क्रमाने सांगितलं. शेळी. पुरे म्हणालास. गाडी बदलूया म्हणालास. ट्रेलर पुढे आहेत हेसुद्धा म्हणालास. मी सगळ्यांसमोर तुला हसलो आणि तू गप्प बसलास. तुझी गाडी मला सोडायची नव्हती.

मला वाटलं, तो काठी उचलेल. उचलली असती तर बरं झालं असतं.

रावने माझा हात धरला. “पुन्हां सांगा,” म्हणाला. “मी म्हणालों होतों? माझ्या तोंडाने?”

“हो.”

“उजवा पाय दाबला गेला, हें मज कळलें होतें?”

“कळलं होतं. तूच मला सांगितलंस.”

तो हसला. आठ महिन्यांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, लहान मुलासारखा. मला तो एक शब्द विचारेना, का केलंस, का लपवलंस, काही नाही. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने आत हाक मारली, “अगे, ऐकलेंस का? मज भय वाटलें होतें. मी सांगितलें होतें.” काठी शोधायला त्याचा हात खाटेवर चाचपडत होता, उठून तिच्याकडे जायचं होतं त्याला.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. कधीपासून ते माहीत नाही. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज अजिबात चढवला नाही.

“आठ महिने मी यांना बोलत होते,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासमोर. तुम्ही इथंच बसून ऐकत होता?”

“हो,” मी म्हणालो.