साहेबांचा पुलाव

आमच्या ह्यांना रिटायर झाल्यापासून मोबाइलवर जगातलं सगळं येतं, घरातलं मात्र काही येत नाही. नवं खूळ होतं बांबूत शिजवलेला पुलाव. पोकळीत तांदूळ-भाजी भरायची, कणकेने तोंड लिंपायचं, निखाऱ्यांवर ठेवायचं. रविवारी हरणीच्या सोसायटीतली मित्रमंडळी घेऊन छाणीपलीकडच्या एका प्लॉटवर बेत ठरला.

"त्याला हिरवा, ओला बांबू लागतो हो," मी म्हटलं.

"चालसे! बांबू तो बांबू." जन्म बडोद्यात गेलाय ना, अडलं की गुजराती सुटते.

तेव्हाच मी कपाटामागे बघायला हवं होतं. तिथे सासूबाईंची गुढीची काठी असते, चांगली मनगटाएवढी जाड. दर पाडव्याला त्या तिला तेल चोळायच्या, टोकाला हळदकुंकवाची बोटं ओढायच्या. मला उभ्या जन्मात कधी बरं म्हणाल्या नाहीत, पण शेवटच्या पाडव्याला ती काठी माझ्या हातात दिली. "आता तू सांभाळ," म्हणाल्या. त्या गेल्यावर मी माझी बोटं बाजूला ओढली, त्यांची पुसायला नकोत म्हणून.

मी कढीचं पातेलं सांभाळत प्लॉटवर पोचले तर नळ्या जाळावर चढलेल्या. वाळका, तेल प्यायलेला बांबू असा पेटला की पुलाव राहिला बाजूला, होळीच झाली. एक नळी फाडकन फुटली आणि मित्रमंडळी खुर्च्या टाकून पळाली. मी पोट धरधरून हसत होते. मग कडेच्या नळीवर मला हळदकुंकू दिसलं.

"अहो, आईंची काठी कापलीत?"

ह्यांना म्हणे वाटलं, जुना बांबू, वर रंग सांडलेला. वाटणारच! दर वर्षी गुढी उभारायच्या वेळी हा माणूस मांडवीत श्रीखंडाच्या रांगेत. सख्ख्या आईची काठी ओळखू आली नाही! इतका संताप आला, की कढी डोक्यावर ओतावी.

ह्यांनी सरळ जाळात हात घातला आणि ती नळी ओढून काढली. तळवा चांगलाच भाजला. मी फुंकरही घातली नाही.

यंदा पाडव्याला ह्यांनी मला श्रीखंडाला पाठवलं. परतले तर गुढी उभी. नव्या काठीच्या टोकाला ते अर्धं जळकं कांडं सुतळीने करकचून बांधलेलं, वर तांब्या. सासूबाईंची बोटं दिसावीत म्हणून साडी जरा खाली नेसवलेली.

"आ काळुं शुं छे?" शेजारणीने विचारलं.

"साहेबांचा पुलाव," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. हळदकुंकवाची वाटी माझ्यापुढे धरून उभे राहिले.