दाजींची बंदूक डावीकडे मारते

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आर्डिसताईचे यजमान व्हर्लिन हागेडॉर्न, खुर्चीत शांत बसलेले दिसले की समजावं, अंगात ताप आहे. एरवी बूड टेकायचं नाही. सगळा जन्म दुधाच्या डेअरीत गेला. तिथे रोज संध्याकाळी नळ्या, झडपा, सगळं खोलायचं, कढत पाण्याने धुवायचं आणि पुन्हा जोडायचं. डेअरी सुटली, पण हातांना ते कोण सांगणार? ताईचं शिवणाचं मशीन खोललं, माझं गवत कापायचं यंत्र खोललं.

"अहो, चालत होतं ना ते," मी म्हणालो.

"चालत होतं. स्वच्छ नव्हतं," दाजी म्हणाले. पुढे ते चाललंही नाही, ती गोष्ट वेगळी.

असा माणूस बंदूक हातात आल्यावर काय करील? आमच्या भागात डिसेंबरातली हरणाची शिकार शॉटगननेच करायची. रायफलची गोळी पार कुणाच्या गोठ्यात जाऊन पडायची, म्हणून ती चालत नाही. बारा बोअरमध्ये छर्रे न भरता शिशाची एकच जाड गोळी घालतात, तिला आम्ही स्लग म्हणतो. निम्मे लोक घळीच्या खालच्या तोंडाकडून ओरडत चालत येतात, ते हाकारे. उरलेले वरच्या अंगाला बंदुका घेऊन उभे. वरच्या तोंडावरची मोक्याची जागा दाजींची. तिथे दुसरं कुणी उभं राहायचं धाडस करत नसे.

गेल्या हंगामात हाकाऱ्यांत दाजींची मुलगी जोलीन होती. मोठा नर घळीतून वर आला, दाजींनी बार टाकला. नर निसटला आणि गोळी मागच्या कॉटनवुडच्या बुंध्यात घुसली. जोलीन त्या झाडाला जवळजवळ खेटून उभी होती. सालीच्या ढलप्या तिच्या टोपीवर उडाल्या, माणूस लांबून ओळखू यावा म्हणून शिकारीत सगळे घालतात त्या नारिंगी टोपीवर.

ओरडलं कुणीच नाही. जोलीननेच टोपी झटकली आणि म्हणाली, "बाबा, तुमची बंदूक वाकडी मारतेय. बघा जरा तिच्याकडे."

झालं. दाजींनी ते वाक्य जे धरलं ते सोडलंच नाही. त्यात उन्हाळा संपता संपता जोलीनने सांगून टाकलं, "यंदा मी हाकाऱ्यांत नाही. दवाखान्यात माणसं कमी आहेत." ती गुरांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. माणसं तिथे कधीच पुरेशी नसतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दाजींनी मनाशी घेतलं की बंदूक सरळ मारते असं एकदा दाखवलं, की पोरगी पुन्हा त्यांच्या समोरून निर्धास्त चालत येईल. त्यांना दुसरं काही नको होतं.

मग दर शनिवारी माझ्या खडीच्या खाणीत आमचा नेम जुळवण्याचा कार्यक्रम. माझ्या डोक्याला ताप नुसता. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवायची, समोर पुठ्ठा, आणि धडाम. बंदुकीवर दुर्बीण बसवायची बैठक होती ती खोगिरासारखी, धडाच्या, म्हणजे नळी ज्यात बसते त्या लोखंडी भागाच्या, दोन्ही अंगांनी पकडणारी. संध्याकाळपर्यंत गोळ्या पुठ्ठ्याच्या मधोमध जायला लागायच्या. पुढच्या शनिवारी बघावं तर हातभर डावीकडे.

दाजींनी खोगिराचे स्क्रू बदलले. दुर्बीण बदलली. शेवटी खोगीरच काढलं, धडाला भोकं पाडून घेतली आणि लोखंडी पट्टी ठोकून पक्की बैठक केली. तरी शनिवार आला की बंदूक आपली डावीकडे.

"डोळे तपासून घ्या," मी एकदा म्हणालो.

"तुझी जीभ तपासून घे आधी," दाजी म्हणाले, आणि पुढचा स्लग भरला.

घरात झोप नाही, जेवणात लक्ष नाही. ताई रडकुंडीला आली. टेबलावर बंदुकीचं तेल, चिंध्या, गज, आणि त्याच्या शेजारी जेवणाची ताटं. एका शनिवारी संध्याकाळी तिने ते सगळं उचललं आणि गाडीच्या डिकीत कुलूप लावून ठेवलं. "घर आहे का शस्त्रागार? उद्या चर्चला माणसासारखे चला, मग देते."

दाजी चर्चला गेले, पण परत आल्या आल्या तशीच मळकी बंदूक घेऊन खाणीत हजर. आणि गोळ्या काल जिथे जात होत्या तिथेच, मधोमध.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी एका हाताने धड धरलं, दुसऱ्याने नळी हलवली. नळी धडात जराशी हलली.

"दाजी, दर वेळी साफ करायला नळी काढता?"

"मग? घाण ठेवू आत?"

"दुर्बीण बसलीय धडावर. गोळी येते नळीतून. तुम्ही नळी काढून परत बसवली की ती दुसऱ्याच अंगाला बसते. दुर्बीण बिचारी बघते एकीकडे, नळी मारते दुसरीकडे. तुम्ही मात्र इतके महिने दुर्बिणीलाच बडवताय. चोर सोडून संन्याशाला फाशी."

दाजी पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी नवी नळी आणली, जिच्या पाठीवरच दुर्बिणीची बैठक पक्की केलेली असते. नळी काढली तर दुर्बीणही तिच्याबरोबर निघते, दोघी कायम एकमेकींच्या सोबत. काढा, धुवा, परत घाला. पाच गोळ्या तळहातात मावतील इतक्या जवळ. मी म्हटलं, सुटलो बुवा एकदाचा.

पण हा माणूस सुटू देईल तर ना. घटकाभराने म्हणाले, "जुनी नळी आणि खोगीर परत चढव. त्या दिवशी ती किती वाकडी होती ते बघायचंय."

"आता कशाला उकरून काढताय?"

"चढव म्हटलं ना."

आधी नेम मधोमध जुळवला, मग नळी काढून, पुसून, घालून त्यांनी परत परत बार टाकले. त्यांची बसवायची, आवळायची रीत ठरलेली, त्यामुळे बंदुकीची खोडही ठरलेली. नळी नुकती बसवली की पहिला बार दर वेळी हातभर डावीकडे, मग बारांच्या धक्क्यांनी ती पुन्हा जागेवर. एकदाही उजवीकडे नाही.

दाजींनी पुठ्ठ्यावरच्या भोकात बोट घातलं. मग म्हणाले, "घळीवर चल."

घळीवर ते आपल्या जागी उभे राहिले आणि मला कॉटनवुडपाशी पाठवलं. बुंध्यातलं भोक अजून तसंच होतं.

"जोलीन कुठे होती? माझ्याकडून बघून, झाडाच्या डाव्या अंगाला का उजव्या?"

"उजव्या," मी ओरडून सांगितलं. "अगदी लागून."

"तिथे उभा राहा."

मी उभा राहिलो. दाजींच्या हातात बंदूक नव्हती, नुसताच हात समोर धरला होता. त्यांचं बोट सरळ माझ्या छातीवर आलं. गोळी डावीकडे सरकून झाडात घुसली होती. म्हणजे नेम होता तो झाडाच्या उजवीकडे. बंदूक सरळ असती तर नराच्या अंगातून आरपार होऊन, किंवा चुकून, ती गोळी जिथे मी उभा होतो तिथे आली असती. त्या सैल नळीनेच पोरीला वाचवलं होतं.

मी वर आलो तोवर दाजी खाली बसले होते. "मला नारिंगी दिसलं होतं रे," ते म्हणाले. "वाटलं, ओकची वाळकी पानं असतील. शिंगंच एवढी मोठी होती."

मी त्यांच्या शेजारी बसलो. थंडी हाडात शिरत होती, पण उठा म्हणायची मला हिंमत झाली नाही.

हंगामाच्या आदल्या दुपारी माझ्या अवजारांच्या शेडमध्ये दरवर्षीसारखं जेवण होतं, चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल. जोलीन दवाखान्यातून येऊन जेवत होती. दाजींनी वाटी बाजूला सारली.

"जोलीन, दोष बंदुकीचा नव्हता. नेम तुझ्यावर होता. मी मागे बघितलंच नाही."

ताईने पळी भांड्यात ठेवून दिली.

जोलीनने तोंडातला घास संपवला. "मला माहीत आहे, बाबा. नळीचं तोंड मला दिसलं होतं. गोल."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही बंदूक खोलत बसला होतात." "स्वतःहून म्हणाल कधी ना कधी, असं वाटायचं. ते ऐकल्याशिवाय तुमच्या समोरून मला चालवणार नव्हतं."

दाजींनी वाटी पुन्हा पुढे ओढली. मग हळूच म्हणाले, "समोरून नको. माझ्याबरोबर चल."

शनिवारी सकाळी वरच्या तोंडाशी, दाजींच्या जागी, मी उभा होतो. नवी नळी दाजींनी माझ्याच बंदुकीला चढवून दिली होती, धुऊनपुसून, अर्थातच. खालून आरोळ्या येत होत्या. थोड्या वेळाने झुडपं हलली आणि एक नर बाहेर आला. गेल्या वर्षीच्यापेक्षा मोठा, रुंद छातीचा, मला पूर्ण आडवा. मी दुर्बिणीला डोळा लावला.

त्याच्या मागे, पार लांब, दोन नारिंगी ठिपके शेजारी शेजारी चालत होते. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर होता. मी बंदूक खाली केली आणि नर जाऊ दिला.