पाऊण सिनेमा झाल्यावरचा खड्डा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या समस्त जाणकार, अर्धजाणकार आणि नुसत्याच हजर असलेल्या नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ॲक्शन थ्रिलर सिनेमाच्या शहाण्णवाव्या मिनिटाला नेमके काय घडावे, या विषयातला सध्या हयात असलेला एकमेव अधिकारी पुरुष वारूळवाडीत राहतो. तो मी. कोणाला शंका असल्यास दुपारी चारनंतर यावे. त्याआधी मी झोपलेला असतो.

हा अधिकार मला कसा मिळाला आणि त्याचं पुढं काय झालं, ते सांगतो.

माझा धंदा वग सांगण्याचा. गेली पंचवीस-तीस वर्षं नारायणगावात मुक्काम असलेल्या तमाशाच्या फडांना मी वग पुरवत आलो आहे. मी मुद्दामच ‘सांगणं’ म्हणतो, लिहिणं नाही. आमच्याकडं वगाला कागद लागत नाही. हंगामाआधी फडातली सगळी मंडळी गोलात बसतात. मी उभा राहून गोष्ट सांगतो. राजा कोण, फितूर कोण, कोण कुठं मरतो. मग राजा आपलं बोलणं आपण रचतो, सोंगाड्या आपलं. चार दिवसांत वग उभा. आणि यात्रेत पडदा सरकायच्या आधी माईकवर पुकारा होतो, की आजचा वग अमक्या अमक्याचा. त्या पुकाऱ्यात आपलं नाव आलं की झालं. तोच आमचा सातबारा. त्या नावावर मी संसार केला, पोरांची लग्नं केली आणि दोन्ही तालुक्यांतल्या यात्रांमधून मान मिळवला.

तर दोन वर्षांपूर्वी एक दिग्दर्शक आला. पुण्याचा, तिशी-पस्तिशीचा, दाढी कोरलेली. त्याला आमच्या भागात घडणारा थ्रिलर करायचा होता आणि कोणीतरी माझं नाव सांगितलं होतं. त्यानं वारूळवाडीत खोली भाड्यानं घेतली, भिंतीवर एक पांढरा फळा लावला आणि त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रत्येक चिठ्ठीवर इंग्रजीत काहीतरी आणि खाली मिनिटं.

मला वाटलं होतं, मोठी विद्या असेल. तो एकेक चिठ्ठी समजावून सांगायला लागला आणि मला हसू आवरेना. बाराव्या मिनिटाला नायकाच्या आयुष्यात विघ्न आलं पाहिजे. म्हटलं, आमच्याकडं ते सहाव्याच मिनिटाला आणतात, नाहीतर मागचे लोक भेळ खायला उठतात. पंचविसाव्या मिनिटाला नायकानं उंबरा ओलांडायचा, मागं फिरायची सोय राहता कामा नये. बरोबर. मध्यावर डाव उलटायचा: ज्याला आपला समजलो तो त्यांचा निघतो. त्याला आम्ही फितूर म्हणतो आणि त्या कामाला नेहमी जरा गोरा नट घेतो. दिग्दर्शकानं तेही वहीत लिहून घेतलं.

गोष्ट बरी होती. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारातून एक पिकअपवाला चुकीचे क्रेट भरून नेतो. वर टोमॅटो, खाली पिस्तुलं. पंचविसाव्या मिनिटापर्यंत त्याच्या मागं गुंड लागतात. सोबत त्याची बहीण. मध्यावर कळतं की ज्या अधिकाऱ्याकडं तो निघाला होता तोच मालाचा धनी. शेवटी घाटाच्या कड्यावर मारामारी आणि गाडी दरीत. सगळं जागच्या जागी. फक्त पाऊण सिनेमा झाल्यावरची एक चिठ्ठी कोरी होती.

दिग्दर्शक तिला खड्डा म्हणायचा. तिथं नायकाकडं काहीच उरता कामा नये. ना गाडी, ना हत्यार, ना मदत. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की संपलं. आणि तिथून नायकानं असं बाहेर पडायचं, की ते आधी कोणी पाहिलेलं नसावं. त्यानं बारा तऱ्हा करून पाहिल्या. घर पेटवलं, बहिणीला पळवलं, आई मारली. मी प्रत्येक वेळी सांगितलं की हे आमच्या लोकांनी पाचशे वेळा पाहिलंय, आई मेली की ते पान लावायला घेतात. महिना गेला. मीही हात टेकले. रोज संध्याकाळी त्या कोऱ्या चिठ्ठीकडं बघून आम्ही चहा प्यायचो.

तेवढ्यात भावकीतल्या एका तेराव्याच्या निमित्तानं मी महाळुंगे पडवळला आक्काकडं गेलो. आक्का माझी थोरली बहीण. तिचे मालक गेल्यापासून चार एकर ऊस तीच बघते. बायकांमध्ये बसून ती मागच्या आठवड्याची गंमत सांगत होती.

आमच्याकडं बिबट्या ही बातमी राहिलेली नाही. तो शेजारी आहे. उभ्या उसात जाताना माणूस आवाज करत जातो. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची, काठी आपटायची, बोलत राहायचं. माणूस आला हे त्याला कळलं की तो बाजूला होतो. गप्प गेलेला माणूस त्याला कळत नाही, आणि मग दोघांचीही पंचाईत. तर आक्का दिवस मावळताना पाण्याची मोटार बंद करायला उसात गेली आणि निम्म्या वाटेवर मोबाईल बंद पडला. आत कुठंतरी पाचट वाजलं. मागं तेवढीच वाट, पुढं तेवढीच.

“गळ्यातून गाणं काय निघंना,” आक्का सांगत होती. “मग म्या शिव्या द्यायला सुरुवात केली. सासऱ्यापासनं. मेलेत बिचारे, पन दिल्या. मग नणंदा, मग जावा. सगळ्यांना नावानिशी. मोटारीपर्यंत सासर पुरलं, येताना माहेर घेतलं. तुलाबी चार दिल्यात रं.”

बाया हसून हसून पडल्या. मी हसलो नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो बिबट्याचा नव्हता. मला खड्डा भरलेला दिसत होता.

तेराव्याचं जेवणही न जेवता मी मोटारसायकल काढली आणि सरळ त्या खोलीत गेलो. दिग्दर्शकापुढं उभा राहून, फडात सांगतो तसं हातवारे करत सांगितलं. नायक जखमी. गाडी गेलेली. तो आणि बहीण उभ्या उसात शिरतात. मागून दहा गुंड उसात उतरतात, शहरातले, पावलं न वाजवता, गप्प. आत नायकाची शुद्ध हरपते. बहिणीला माहीत आहे की आत बिबट्याची मादी आहे, पिलं आहेत. बोलली तर गुंडांना ठिकाण कळतं, गप्प बसली तर मादी अंगावर येते. दोन्हीकडं मरण. आणि ती बोलायला लागते. मोठ्यानं. शिव्या द्यायला लागते, सगळ्या नातेवाइकांना नावानिशी. गुंड त्या आवाजाच्या रोखानं येतात, पण गप्प येतात. आणि मादी आवाजापासून बाजूला होते, ती थेट गप्प माणसांकडं.

दिग्दर्शकानं ती कोरी चिठ्ठी काढली, तिच्यावर फक्त ‘ऊस’ असं लिहिलं आणि परत चिकटवली.

“दादा, हे सुचलं कुठून तुम्हाला?”

आता इथं खरं सांगतो, कारण खोटं सांगून काही उरलेलं नाही. आक्काचं नाव जिभेवर आलं होतं. पण पंचवीस-तीस वर्षं राजे आणि फितूर सांगून सांगून माणूस अशा क्षणाची वाट बघत असतो. मी कपाळावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “इथून.”

सिनेमाच्या मुहूर्ताला निम्मी वारूळवाडी आली होती. नारळ फुटला, पेढे वाटले. दिग्दर्शकानं माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं की ही गोष्ट आमच्या दादांची आहे, सिनेमाचा प्राण त्यांच्या डोक्यातून आलाय. टाळ्या पडल्या. माझ्यापुरता सिनेमा तिथंच पूर्ण झाला. थोड्या वेळानं त्यांच्या कंपनीतली एक मुलगी चार-पाच पानांचा कागद घेऊन आली. इंग्रजीतला. म्हणाली, कथेचा करार आहे, वाचून सही करा म्हणजे नाव पक्कं होईल. मी हसलो. तिच्या हातावर पेढा ठेवला आणि कागद तसाच परत दिला. म्हटलं, “बाळ, माईकवर झालंय. सगळ्या गावानं ऐकलंय. आता कागद कशाला?”

ती पोरगी दोनदा म्हणाली की कागद लागतो. दोन्ही वेळा मी तिला पेढाच दिला. पुढं खूप उशिरा मी दिग्दर्शकाला फोन केला तेव्हा तो अगदी नम्रपणे म्हणाला की दादा, आम्ही तर घेऊन आलो होतो, तुम्हीच नको म्हणालात. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याचीच तर चीड येते.

सिनेमा लागला. नारायणगावच्या थिएटरात पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला मी अख्खी एक रांग अडवली. बायको, मुलं, सुना, फडातले चार जुने सोबती, आणि महाळुंग्याहून आक्का. आक्काला मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं. एवढंच म्हणालो होतो की माझा सिनेमा आहे, ये. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गॉगल. थिएटरात, अंधारात, गॉगल. माझं नाव पडद्यावर येताना मला लोकांनी ओळखावं, एवढाच त्यामागं विचार.

हल्ली सिनेमात नावं शेवटी येतात म्हणे. बसलो. टोमॅटो, पिस्तुलं, फितूर, सगळं मिनिटाबरहुकूम आलं. पाऊण सिनेमा झाला आणि ऊस आला.

खोटं बोलणार नाही, फार चांगला केला होता. नटी गुडघ्यांवर सरकतेय, पाचट वाजतंय, आणि ती ओठ चावून गप्प. थिएटरात भेळेचा कागदही वाजत नव्हता. मग तिनं तोंड उघडलं आणि पहिली शिवी सासऱ्याला दिली. थिएटर कोसळलं. शिट्ट्या, टाळ्या. मागचा एक जण म्हणाला की राव, हे लिहिणारा आपल्यातलाच असणार. मी गॉगल नीट केला.

त्याच वेळी मला आक्काचा आवाज ऐकू आला. ती माझ्या सुनेला हळूच सांगत होती की आता जावांवर येईल, आता माहेर घेईल. पडद्यावर तसंच होत होतं. सून हसत होती. आक्का हसत नव्हती.

कड्यावरून गाडी गेली. सिनेमा संपला. दिवे लागले, लोक उठले, दारात गर्दी झाली. मी माझ्या रांगेला हात करून बसवलं. नावं आता सुरू होतात, बसा. पहिलंच आलं: कथा, पटकथा, दिग्दर्शन. नाव एकच, आणि ते माझं नव्हतं. म्हटलं पुढं असेल. कॅमेरा, संकलन, मारामारी, कपडे, जेवण. मग विशेष आभार. ग्रामपंचायत. मांडववाला. जनरेटरवाला. ज्याची म्हैस एका दृश्यात रस्ता ओलांडते, तो म्हशीचा मालक, पूर्ण नावानिशी, वडिलांच्या नावासकट. आणि त्याखाली: नारायणगाव परिसरातील तमाशा कलावंत. बस्स. मग पडदा पांढरा झाला आणि झाडूवाल्या बाई आत आल्या.

आमची रांग पेटली. फडातला सोबती म्हणाला की माईकवर बोललेला माणूस फिरतो म्हणजे काय, याला जाब विचारला पाहिजे. थोरला मुलगा फोनवर वकील शोधायला लागला. बायको डोळे पुसत होती. धाकटी सून म्हणाली की बाबांचं डोकं चोरलं त्यांनी. मी गॉगल काढला आणि मान खाली घालून बसलो, कारण अशा वेळी कसं बसावं हे मला धंद्यानं शिकवलंय. सगळे माझ्याभोवती गोळा झाले.

आक्का मात्र जागेवरून उठली नव्हती. पांढऱ्या पडद्याकडं बघत होती. मग ती माझ्याकडं वळली आणि उरलेल्या सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“तुजं नाव न्हाई आलं म्हून समदी रडत्यात. माजं तू तरी सांगितलं व्हतंस का त्याला?”