बोटांना कळेना

"आई गं! भाजलं!" मसाजच्या टेबलावरच्या पुण्याच्या काकू ओरडल्या. मी तेलाचं भांडं बाजूला ढकललं.

पेडण्यातल्या एका वेलनेस रिसॉर्टमध्ये मी थेरपिस्ट होते. शिरोधारा म्हणजे कपाळावर कोमट तेलाची बारीक धार. ती सोडण्याआधी आम्ही तेलात बोट बुडवून बघतो. मीही बघितलं होतं. मला कोमटच लागलं होतं.

काकूंच्या कपाळावर थंड पाण्याची घडी ठेवली. लाल झालं होतं, फोड नव्हता. देव पावला! मग माझं बोट बघितलं. तेही लालबुंद, पण दुखेना.

दोन महिने बोटं बधिर होत होती. दिवसाला पाच मसाज, मध्ये चादर बदलण्यापुरता वेळ. सांगणार कुणाला? स्पामध्ये मौन, कॉरिडॉरमध्ये मौन. दिवसभरात माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "प्रेशर ओके, मॅम?" माझी रूममेट हात दुखतो म्हणाली, तर पुढच्या ड्युटी रोस्टरवर तिचं नावच नव्हतं. तेव्हापासून खोलीत मी एकटी. भिंतीशी तरी किती बोलणार?

मॅनेजर सर धावत आले. "तेलाचा हीटर बिघडला, असं लिहून दे. मिटवून टाकू."

पेन उचललं, तर तेही धड धरवेना. असं लिहिलं तर उद्या परत पाच मसाज आणि परत कुणाचं तरी कपाळ. नोकरी गेली तर गेली, म्हटलं.

"सर, हीटर बरा आहे. माझ्या बोटांनाच कळत नाही."

सरांनी फोन काढला. "थर्मामीटर मागवतो."

"बोटांना?"

"तेलाला गं!"

काकू घडी धरून ऐकत होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "किती दिवस झाले गं?" मला रडूच फुटलं. दोन महिन्यांत हे विचारणारी पहिलीच बाई, आणि भाजली होती तीच!

डॉक्टरांनी महिनाभर आराम सांगितला. मुळगावला आईकडे गेले, तर आवय चिडली, "इतक्या झाला तर सांगूक जमूक नाय गो तुका?"

परतले ती रिसॉर्टच्या लाँड्रीत. मसाज सुटला तो सुटलाच. शिकले ते एवढंच, मौन पाहुण्यांना मानवतं, हातांना नाही.

नव्या मुली टॉवेल न्यायला येतात. प्रत्येकीला विचारते, "बोटं कशी गो?" त्या आधी कॉरिडॉरमध्ये कुणी आहे का बघतात, मग नुसती मान हलवतात. थर्मामीटर मात्र चोख चालतो.