मीनाक्षी उमाळकरची दुसरी डिग्री

मीनाक्षी उमाळकर इंग्लंडमधल्या रीडिंगला आली तेव्हा तिच्याकडे नागपूरची बी.कॉम.ची डिग्री होती. इतवारीत काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर बिलं करायची आणि सकाळचं कॉलेज करायचं, अशी तीन वर्षं काढून ती मिळवलेली. नवरा राजीव सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या व्हिसावर ती आली, तेव्हा त्यांची मुलगी तनिषा सात वर्षांची होती.

नोकरी शोधायला ती एजन्सीत गेली. समोरच्या बाईंनी सीव्ही वाचला आणि विचारलं, ‘‘आणि इथलं काही शिक्षण?’’

‘‘मी ग्रॅज्युएट आहे,’’ मीनाक्षी म्हणाली.

‘‘हो, पण इथलं?’’

पुढच्या काही वर्षांत हा प्रश्न तिला इतक्यांनी विचारला, की सीव्हीवर ती डिग्री सगळ्यात खाली गेली. मग एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तिला फोन घेण्याचं काम मिळालं. लिफ्ट बंद पडली की लोक फोन करायचे. तिने पत्ता विचारायचा आणि जवळच्या मेकॅनिकला पाठवायचं.

एकदा कौन्सिलच्या एका इमारतीत एक म्हातारी बाई लिफ्टमध्ये अडकली. मेकॅनिक ट्रॅफिकमध्ये अडकला होता. मीनाक्षी तिच्याशी फोनवर बोलत राहिली. बाईंची मांजर, बाईंची बहीण, बहिणीशी झालेलं भांडण, सगळं ऐकून झालं तेव्हा कुठे दार उघडलं. दुसऱ्या दिवशी मीनाक्षीने मेकॅनिकला विचारलं, की नक्की काय बिघडलं होतं. दाराच्या कुलपाचा कॉन्टॅक्ट लागत नव्हता, असं त्याने सांगितलं. दार नीट लागलंय हे लिफ्टला कळल्याशिवाय ती हलत नाही. मीनाक्षीने विचारलं, ‘‘तिला कळतं कसं?’’ त्याने कागदावर सर्किट काढून दाखवलं. ते तिला फार आवडलं.

त्यानंतर ती विचारतच राहिली. शेवटी मॅनेजर वैतागून म्हणाला, की एवढीच हौस असेल तर कॉलेजला जा. तो हे गमतीने म्हणाला होता, पण कंपनीला शिकलेली माणसं हवीच होती. आठवड्यातला एक दिवस सुट्टी आणि फी कंपनीची, अशा बोलीवर मीनाक्षीने गावातल्या कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या एचएनसीला, म्हणजे डिग्रीच्या खालच्या सर्टिफिकेट कोर्सला, नाव घातलं. वर्गातली बाकीची मुलं विशीतली होती. गणिताने तिला पहिले काही महिने रडवलं, नंतर जमलं.

२०२१मध्ये तिचा तो कोर्स संपला. एकशेवीस क्रेडिट्स झाले. युनिव्हर्सिटीच्या डिग्रीचं पूर्णवेळ एक वर्ष म्हणजे तेवढेच क्रेडिट्स. तिच्या शिक्षकांनी सांगितलं, ‘‘पहिलं वर्ष पुन्हा कशाला करतेस? थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज कर.’’

तिने केला. जवळच्या एका युनिव्हर्सिटीने तिचे विषय आपल्या विषयांशी ताडून पाहिले आणि दुसऱ्या वर्षाला जागा दिली. त्याच उन्हाळ्यात तनिषाही युनिव्हर्सिटीला निघाली होती. मायलेकी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर लॅपटॉप घेऊन बसत. फी दोघींनाही स्टुडंट फायनान्सच्या सरकारी कर्जातूनच भरायची होती.

‘‘माझी फॉर्म झाला,’’ तनिषा म्हणाली. तिच्या मराठीत लिंगं नेहमीच अशी हिंडत. ‘‘तुझी का नाही होत?’’

मीनाक्षी एका प्रश्नावर थांबली होती. यापूर्वी तुम्ही कोणतं उच्च शिक्षण घेतलं आहे? जगात कुठेही. शेजारी नियम दिला होता. ज्याच्याकडे आधीच डिग्री आहे, त्याला दुसऱ्या डिग्रीसाठी सहसा कर्ज मिळत नाही.

राजीवने वाकून वाचलं. ‘‘नो लिही. नागपूरची डिग्री इथे कोणाला माहीत?’’

तिथल्या महाराष्ट्र मंडळातली मैत्रीण वैभवी फोनवर तेच म्हणाली. ‘‘अगं, इतकी वर्षं कोणी तिला डिग्री मानली का? मग तू तरी कशाला मानतेस?’’

मीनाक्षीने दोन दिवस विचार केला. मग तिने यस लिहिलं, कॉलेजचं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं. राजीव चिडला.

‘‘हरिश्चंद्र व्हायची काय गरज होती?’’

‘‘त्यात हरिश्चंद्र कसला?’’ ती म्हणाली. ‘‘दहा वर्षं मी सांगत होते की मी ग्रॅज्युएट आहे, कोणी ऐकलं नाही. आता पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय, तर मी नाही म्हणू?’’

कर्ज नामंजूर झालं. कारण एका ओळीत होतं: अर्जदार पदवीधर आहे. त्या रात्री ती जेवली नाही. राजीवने बचतीतून फी भरायची तयारी दाखवली, पण ते पैसे तनिषाच्या खोलीच्या भाड्यासाठी होते. मीनाक्षी नको म्हणाली. तिने युनिव्हर्सिटीला जागा सोडत असल्याची ईमेल केली आणि सोमवारी हेडफोन लावून पुन्हा लोकांचे पत्ते विचारायला बसली.

तिकडून फोन आला तो ईमेल वाचलेल्या विद्यार्थी सल्लागाराचा. डोना नावाची बाई होती.

‘‘तू जागा का सोडतेस?’’

मीनाक्षीने सांगितलं. डोनाने मध्येच थांबवलं. ‘‘विषय इंजिनिअरिंग ना? मग पार्टटाइम का करत नाहीस? पार्टटाइम इंजिनिअरिंगला आधीची डिग्री आड येत नाही. त्या नियमाला हा अपवाद आहे. पूर्णवेळ कोर्सला मात्र नाही.’’

‘‘हे कुठे लिहिलंय?’’

‘‘लिहिलंय. पण तू शोधशील अशा जागी नाही.’’

अडचण एवढीच होती, की त्या युनिव्हर्सिटीत हा कोर्स पार्टटाइम नव्हता. ज्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीत होता, तिने क्रेडिट्सचा हिशोब नव्याने केला. एकीने घेतलेले क्रेडिट्स दुसरीने तसेच घ्यावेत असं बंधन नसतं. तिने शंभर घेतले. कॉलेजातला एक विषय त्यांच्याकडच्या कशाशीच जुळत नव्हता, म्हणून त्याऐवजी पहिल्या वर्षाचं गणित करावं लागणार होतं. मीनाक्षी हो म्हणाली. या वेळी तिने कर्जाच्या अर्जात तोच यस लिहिला आणि अर्ज मंजूर झाला.

चार वर्षं लागली. आठवड्यातला एक दिवस ती ट्रेनने युनिव्हर्सिटीत जाई, बाकीचे दिवस कंपनीत. फोनच्या कामावरून कंपनीने तिला मेकॅनिकांबरोबर साइटवर हलवलं. त्यातल्या एकाने तिच्याबरोबर लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरायला नकार दिला. दोन महिन्यांनी त्यालाच लिफ्टच्या कंट्रोलरचं सर्किट समजेना तेव्हा तो तिच्याशी बोलू लागला, पण मोजकंच. तिसऱ्या वर्षी ती एका पेपरात नापास झाली आणि सगळं सोडते म्हणाली. तेव्हा राजीवने फारसं समजावलं नाही. तिच्या वाटचा स्वयंपाक महिनाभर त्याने केला. वरण रोज पातळ व्हायचं. पेपर दुसऱ्या प्रयत्नात सुटला.

तनिषा तिच्या आधी ग्रॅज्युएट झाली. आईच्या समारंभाला ती ब्रिस्टलहून आली आणि फोटो काढताना म्हणाली, ‘‘आई, हा तुझा फर्स्ट डिग्री ना?’’

‘‘दुसरी,’’ मीनाक्षी म्हणाली.

आता ती त्याच कंपनीत जुन्या इमारतींतल्या लिफ्ट बदलण्याचे आराखडे करते. सीव्हीवर दोन्ही डिग्र्या वर आहेत. कॉलेजने मंगळवारी संध्याकाळी एचएनसीचा वर्ग घ्याल का, असं विचारलंय. तिने अजून उत्तर दिलेलं नाही. मंगळवारी तिचं बॅडमिंटन असतं, आणि ते सोडायची तिची तयारी नाही.