अकरा हिरव्या खुणा

माझा धंदाच चुका काढण्याचा. पंचविसेक वर्षं मी सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी कुठे अडखळतील, कुठे आपटतील, ते आधी शोधायचं आणि त्यांना तोंडावर सांगायचं, याचा मला पगार मिळतो. आई म्हणते, "पुण्यात जन्मलास, हे तू फुकटसुद्धा केलं असतंस."

आई कसब्यात एकटी राहते, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मी वारज्याला. मधे सगळं शहर आणि त्याचा ट्रॅफिक. तिने तीसेक वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे निम्मी पेठ तिला अजून 'बाई' म्हणते. आमच्याकडे राहायला ये म्हटलं की म्हणते, "तिथे खाली उतरून जायचं कुठे? पार्किंगमध्ये?" तेव्हा रोज सकाळी ऑफिसला निघताना मी तिला फोन करायचो आणि रविवारी जाऊन यायचो. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आई, दोनच मिनिटं आहेत, बोल."

मागच्या वर्षी आमच्या कंपनीने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक सेवा काढली. रोज सकाळी साडेसातला फोन येतो, एक गोड आवाजाची मुलगी मराठीत चौकशी करते. मुलगी म्हणजे यंत्रच, पण बोलते अशी की माणसाने फसावं. कसं वाटतंय, झोप झाली का, गोळ्या घेतल्या का. सगळं ठीक असेल तर मुलाच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटते. काही दुखतंखुपतं असं कळलं तर लाल खूण, आणि लगेच निरोप. मराठी तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी आईचंच नाव घातलं. म्हटलं, हिच्यापेक्षा कडक परीक्षा दुसरं कोण घेणार?

पहिल्याच दिवशी यंत्र म्हणालं, "नमस्कार आजी!"

"आजी कुणाची गं? बाई म्हण," आईने सुनावलं.

यंत्राने दुसऱ्या दिवसापासून तिला बाई म्हणायला सुरुवात केली. मी ऑफिसात हे सगळ्यांना सांगत सुटलो, कौतुक करून घेतलं.

खरं सांगायचं तर तेव्हा मला कौतुकाची गरज होती. तपासणीची कामं करणारी नवी यंत्रं आमच्याकडे आली होती आणि मला आठवडा लागायचा ते ती जेवायच्या सुट्टीच्या आत करून मोकळी व्हायची. माझ्या वयाचे दोघे जण 'स्वतःहून' घरी बसले होते. मीटिंगचं आमंत्रण आलं की मी आधी कुणाकुणाला बोलावलंय ते बघायचो. आता आपला नंबर, असं वाटायचं. फोन उलटा ठेवायचा नाही, एकही निरोप चुकवायचा नाही, वरिष्ठांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवायची, असं माझं चाललं होतं.

त्याच दिवसांत एका सकाळी, सातलाच बोलावलेल्या ऐन मीटिंगमध्ये, लाल खूण आली. मी धडपडत बाहेर गेलो, आईला फोन लावला. "काय झालं?"

"कुठे काय? गुडघा दुखतोय म्हणाले मी तिला. विचारलंन तर सांगायला नको?"

"अगं आई, गुडघा तुझा रोजच दुखतो! तेवढ्यासाठी मला मीटिंगमधून उठवलंस. तिला कशाला सांगत बसतेस असलं?"

ती म्हणाली, "बरं. जा तू."

त्यानंतर लाल खूण पुन्हा कधी आली नाही. रोज हिरवी. मला वाटलं, आई यंत्राला सरावली. आणि हळूहळू माझा सकाळचा फोनही बंद पडला. दात घासता घासता हिरवी खूण बघायची की झालं, आई ठीक आहे. उलट आता जास्त नीट कळतं, असंच मी बायकोला सांगत होतो. शहाणाच मी!

ऑक्टोबर लागला होता, ऊन तापायला लागलं होतं. एका रविवारी ऑफिसचं काम निघालं म्हणून मी आईकडे गेलो नाही, नुसता निरोप पाठवला. पुढच्या रविवारी गेलो. दार उघडून आईने सगळी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एरवी ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघूनच माणसाला गार करते. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण म्हटलं मान धरली असेल. मग तिने चहा गाळला, तो निम्मा कपात आणि निम्मा ओट्यावर. कप डावीकडे होता. तिला तो नीट दिसतच नव्हता.

"आई, डावा डोळा झाक. आता उजवा झाक. काय दिसतंय?"

"दिसतंय की."

"काय दिसतंय ते सांग!" मी ओरडलोच.

"पडदा लावल्यासारखं झालंय एका बाजूने," ती म्हणाली. "ओरडू नकोस, खाली ऐकू जातं."

रिक्षात ती माझा दंड धरून बसली होती आणि मी रिक्षावाल्यावर, सिग्नलवर, रस्ता खणणाऱ्यांवर, जो दिसेल त्याच्यावर चिडत होतो. भीती वाटली की मला राग येतो. लहानपणापासूनची खोड.

रविवार असूनही डॉक्टर भेटले, हे नशीब. त्यांनी डोळ्यात थेंब घालून बराच वेळ बघितलं. "डोळ्याचा आतला पडदा सुटलाय," ते म्हणाले. "ऑपरेशन करावं लागेल, उद्या सकाळीच. किती दिवस झाले त्रासाला?"

आईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी सुरू झालं. वीज चमकल्यासारखं व्हायचं. मग काळे ठिपके. मग हे."

"शक्यच नाही," मी म्हणालो. खिशातून मोबाइल काढून मी डॉक्टरांना दाखवायला लागलो. "हे बघा ना. गुरुवारपासून आजपर्यंत रोज विचारलंय तिला. अकरा दिवस. सगळ्या खुणा हिरव्या आहेत."

डॉक्टरांनी त्या खुणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पहिल्या एकदोन दिवसांत आला असतात तर गोष्ट वेगळी होती," ते शांतपणे म्हणाले. "आता नजर किती परत येईल ते मी सांगू शकत नाही."

मी मोबाइल खिशात ठेवला. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी तिला आत नेलं. जाताना तिने कानातल्या कुड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "ऑफिसला जायचं असेल तर जा हो. इथे बसून काय करणारेस?" मी बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर डोळ्याचं मोठं रंगीत चित्र होतं आणि मला तिकडे बघवत नव्हतं. काहीतरी करायला हवं म्हणून मी माझ्या धंद्यातलं एकच येतं ते केलं, चूक शोधायला बसलो. त्या सेवेत फोनवरचं सगळं बोलणं साठवलेलं असतं, घरच्यांना ते ऐकता येतं. आजवर मी एकदाही ऐकलं नव्हतं. खूण बघितल्यावर बोलणं कोण ऐकतो? मी कानात इयरफोन घातले आणि त्या पहिल्या गुरुवारपासून लावलं.

"नमस्कार बाई, आज कसं वाटतंय?"

"छान."

असा 'छान' मी तिच्या तोंडून हजारदा ऐकलाय. वाटेत पालक भेटले, हेडबाई भेटल्या, कुणीही विचारलं, की ती असाच म्हणायची. छोटा, स्वच्छ, दार लावून घेणारा. परक्या माणसाला आपलं दुखणं सांगत बसायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी त्यातच वाढलो, आणि तरीही यंत्राला हा शब्द हिरवा म्हणून शिकवला.

"आणखी काही सांगायचंय का, बाई?"

"सांगायचं पुष्कळ आहे गं. पण तू लगेच त्याला कळवतेस. तो कामात असतो. जाऊ दे, काही नाही. ठेव."

माझ्या शेजारी एक बाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा कळलं की माझ्या तोंडून काहीतरी आवाज आला होता.

मी शुक्रवारचं लावलं. छान, झोप झाली, गोळ्या घेतल्या. मग आईने आवाज जरा खाली आणला.

"तुला एक विचारू का? एकाच डोळ्यासमोर काळं काळं नाचायला लागलं आणि मधेच चमकलं, तर ते काय असतं? मला नाही गं. शेजारी एक बाई आहेत, त्यांना होतंय."

"शेजारच्या बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जायला सांगा, बाई. उशीर करू नये."

"लगेच म्हणजे किती लगेच? रविवारपर्यंत थांबलं तर चालेल? रविवारी त्यांचा मुलगा येतो."

"शक्य तितक्या लवकर दाखवलेलं बरं."

"बरं. सांगते त्यांना," आई म्हणाली. "हुशार आहेस हो."

आणि हिरवी खूण.

मी ते तीनदा ऐकलं. चूक सापडेना. यंत्र बरोबर बोललं होतं. सल्ला योग्य होता. तक्रार शेजारणीची असेल तर मुलाला कळवायचं नाही, हा नियम मीच तपासून बरोबर ठरवला होता, नाहीतर अख्ख्या पेठेची दुखणी लोकांच्या मोबाइलवर वाजत बसली असती. माझ्यासमोर ही परीक्षा आली असती तर मी 'पास' असंच लिहिलं असतं. शेजारी कुणी बाई राहतच नाहीत. त्या खोलीत एका दुकानाचा माल ठेवतात. पण हे यंत्राला कुठून माहीत? ते फक्त मला माहीत होतं. आणि मी दात घासत होतो.

मागच्या सोमवारचं बोलणं अगदी छोटं होतं.

"शेजारच्या बाईंना बरं आहे का?" यंत्राने आठवणीने विचारलं.

"नाही आले गं त्यांचे चिरंजीव," आई म्हणाली. "काम निघालं. पुढच्या रविवारी येतील."

मी इयरफोन काढले. पुढचं ऐकायची माझी छाती झाली नाही. तोंडाला रुमाल लावून मी त्या बाकावर रडलो. विणणाऱ्या बाईंनी काही न विचारता त्यांची पाण्याची बाटली माझ्या बाजूला सरकवली.

ऑपरेशन पार पडलं. पडदा बसवला, म्हणाले. डोळ्यात हवेसारखा वायू भरलाय, तो वर दाबून राहावा म्हणून काही दिवस तिने पालथं झोपायचं, मान खालीच ठेवायची. नजरेचं नंतर बघू. आईला मी वारज्याला घेऊन आलो. तिने पार्किंगचा विषयसुद्धा काढला नाही, त्यामुळे मला जास्तच धास्ती वाटली.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसला कळवलं की आठवडाभर येत नाही. उत्तर आलं, "ठीक आहे." ते दोन शब्द मी चारदा वाचले, खोटं कशाला बोलू? कदाचित परत जाईन तेव्हा माझी खुर्ची नसेल. मी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. तिकडे तो एकदोनदा वाजला आणि माझे कान तिकडेच गेले. सवय ती एका दिवसात जाते होय!

आई पलंगाच्या कडेला उशांवर कपाळ टेकून, चेहरा कडेबाहेर राहील अशी पालथी पडली होती. एका डोळ्यावर पट्टी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, कसं वाटतंय?"

"छान."

तोच. इयरफोनमधला, अगदी तोच. त्या आवाजाला मी कोण आणि ते यंत्र कोण, काही फरकच नव्हता.

मी जमिनीवर बसलो. तरी तिचा चेहरा दिसेना, म्हणून सरळ आडवा झालो, पलंगाच्या कडेखाली डोकं घालून, वर तोंड करून. आता ती माझ्या बरोबर वर होती. उघडा डोळा माझ्याकडे बघत होता.

"हे काय ध्यान? ऊठ, फरशी गार आहे."

"आई," मी म्हणालो, "शेजारच्या बाईंना कसं वाटतंय?"

बाहेर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि गेली.

"ऐकलंस होय ते?"

"ऐकलं."

"वेळ आहे का तुला?"

"आहे."

तिने उशीखालून हात खाली सोडला. मी तो धरला. थंडगार होता.

"घाबरल्यात रे त्या," आई म्हणाली.