कालची पट्टी

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच, कारण पाय तिच्या वडिलांचा होता.

माझे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, यावलच्या पुढे एका गावात केळी लावायचे. जोडे होते, पण ते फक्त बाजाराच्या दिवशी. बागेत अनवाणीच. कधीतरी बाभळीचा काटा मोडला, काढला, विसरून गेले. दोनेक वर्षांनी पाऊल सुजलं. दुखत नव्हतं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग सुजेला बारीक तोंडं फुटली. एक बुजलं की शेजारी दुसरं उघडायचं आणि झिरपत राहायचं. गावातलं औषध चालेना, तेव्हा जळगावचा डॉक्टर ठरला आणि न्यायला मी ठरलो. धुळ्याला कचेरीत कारकून, नवा जावई, टेरिलिनची पँट, शिवाय इंग्रजी समजणारा.

पहिल्या खेपेला डॉक्टरांनी पाय निरखला आणि मला व्हरांड्यात नेलं. "रोग कळतोय, पण त्याच्या जाती दोन. एक बुरशीची. तिला धड औषध नाही, बहुधा पाय कापावा लागतो. दुसरी जंतूंची, ती औषधानं बरी होते. वरून दोन्ही सारख्याच. जखमेतून खसखशीएवढे दाणे पडतात, ते तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही. पुढच्या वेळी पाय धुऊ नका. आदल्या दिवशीची पट्टी तशीच बांधलेली आणा."

मी मान हलवली. घरी येऊन सांगितलं, "पुढच्या महिन्यात बोलावलंय." एवढंच.

त्या पट्टीला वास यायचा आणि एस.टी.त नानांच्या शेजारी मी बसणार होतो. जावयाला त्रास नको म्हणून सासूबाई, म्हणजे अक्का, निघायच्या आधी कडुलिंबाच्या पाण्यानं पाय धुऊन काढायच्या आणि जुन्या धोतराची स्वच्छ पट्टी बांधायच्या. मी ओसरीवर चहा पीत ते बघायचो. 'धुऊ नका' हे दोन शब्द चहाबरोबर गिळले. वर कानात अत्तराचा फाया घालायचो. नाना बसमध्ये म्हणाले, "जावईबापू, तो फाया खिशात ठेवा. वास मले येऊन राह्यला, तुमच्या अत्तराचा."

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पट्टी सोडली. "नाना, इतका स्वच्छ पाय माझासुद्धा नाही. लग्नाला निघालात का?"

"मालकीण कडक हाये, डाक्टरसाहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळू आवाजात, नानांना कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणालो, "मी सांगितलं होतं. पण सासूबाई ऐकत नाहीत. खेड्यातली माणसं." माझ्या इंग्रजीचा त्या घराला झालेला उपयोग तो एवढाच.

तिसऱ्या खेपेलाही तेच. दाणे नाहीत. डॉक्टरांनी पायाचा पुन्हा एक्स-रे काढला. पहिल्या वेळी हाडं निर्मळ होती; आता दोन बोटांच्या हाडांना भोकं दिसत होती. "पुढच्या वेळीही काही हाती लागलं नाही तर घोट्यावरून कापायचा विचार करावा लागेल," ते म्हणाले. बसमध्ये नानांनी प्रथमच थट्टा केली नाही, पट्टीवर हात ठेवून बसले. मी बाहेर बघत राहिलो.

तुम्हाला वाटेल, आता तरी मी तोंड उघडलं असेल. नाही. चौथ्या खेपेला अक्का भाचीच्या बाळंतपणासाठी पहूरला गेल्या होत्या, म्हणून पाय धुतला गेला नाही. मी बसची खिडकी पूर्ण उघडून बसलो.

डॉक्टरांनी ती पट्टी सराफानं पुडी उलगडावी तशी उलगडली. चिमट्यानं एक पिवळट दाणा उचलला, दोन काचांमध्ये चिरडला, रंग घातला आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत अगदी बारीक धाग्यांचा गुंता होता. "बुरशीचे धागे जाड असतात," ते म्हणाले. "हे जंतू आहेत. पाय राहील." तेवढी दोन बोटं मात्र काढावी लागणार होती.

औषध म्हणून टी.बी.ची इंजेक्शनं आणि कुष्ठरोगाची गोळी. नाना म्हणाले, "रोग तिसराच, अन् औषधं दोन्ही शेजाऱ्यायची." जखमा सुकल्यावरही डॉक्टरांनी गोळ्या सोडू दिल्या नाहीत, दीड वर्ष चाललं. पाय राहिला. नाना शेवटपर्यंत थोडे लंगडत बागेत जायचे, पण जोडे घालून.

बोटं काढली त्या दिवशी डॉक्टर अक्कांना सहज म्हणाले, "अक्का, जावई सांगत होते तेव्हाच धुणं थांबवलं असतं, तर ही बोटं वाचली असती."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नव्हतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "चुकलं माह्यं, साहेब. हाताले सवयच तशी."

जावयाचा मान त्यांनी असा ठेवला. तेव्हापासून घरात ती थट्टाच झाली. अक्का भांडी घासायला बसल्या की माझी बायको म्हणते, "आई, जपून. मागे दोन बोटं धुऊन टाकलीस." अक्का हसतात. मीही हसतो, आणि सगळ्यांत मोठ्यानं.

नाना गेले. अक्का आहेत. पाय धुऊ नका, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यानं सांगायचं होतं तो मी, एवढं त्यांच्यादेखत बायकोला आणि मुलांना सांगायचं देणं मी अजून लागतो.